राग उतरेपर्यंत

तुरुंगातल्या कैद्यांनी त्यांचं नाव तराजूबाई ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. बाईंचं कामच तसं होतं. ज्यानं कुणाचा तरी जीव घेतलाय किंवा कुणाला कायमचं लुळंपांगळं केलंय, असा माणूस सुटकेच्या जवळ आला की त्याला समोर बसवायचं, त्याचं अख्खं आयुष्य झटकून बघायचं, आणि हा बाहेर गेल्यावर पुन्हा कुणावर हात टाकेल का, याचा अंदाज सुटका मंडळाला द्यायचा. माणसाच्या मनाचा थांग देवालाही लागत नाही म्हणतात. बाईंना तो मंडळाच्या पुढच्या बैठकीपर्यंत लावावा लागे. अंदाज बरोबर निघाला तर कुणाला आठवण नसे, आणि चुकला तर खापर फोडायला त्यांचंच डोकं होतं.

बाईंना वाद घातलेला चाले, पण कुणी गुळमुळीत बोललं की त्यांचं डोकं फिरे. कैद्यांनाही त्या 'तुम्ही' म्हणत आणि वॉर्डरसाहेबांनाही 'तुम्ही'च म्हणत, त्यामुळे वॉर्डर नाराज असत. शिवाय त्यांची एक स्वतःची रीत होती. ज्याला सोडायचं, तो ज्याच्या घरी राहणार त्या माणसाला बोलावून त्या दोघांना समोरासमोर बसवत. याचं बिनसायला लागलं की ते कसं दिसतं, हे दोघांच्याही तोंडून वदवून घेत. "बाई, स्थळं जुळवताय काय?" असं बरोबरचे लोक चिडवत. बाई म्हणत, "स्थळ जुळवणारे मुलाचे गुण सांगतात. मी अवगुण सांगून नांदायला पाठवते."

त्या खेपेला समोर एक सुतार होता. तरुणपणी त्यानं एका लाकूडवाल्याचा जबडा मोडला होता. त्याची शिक्षा भोगून आला, भागीदारीत स्वतःचा कारखाना काढला, आणि एका दुपारी त्याच भागीदाराच्या डोक्यात लाकडी मोगरी घातली. भागीदार जागच्या जागी गेला. कारण काय, तर गिऱ्हाइकासमोर तो याच्या कामाला हसला होता. हसण्यावारी न्यायची गोष्ट याला नेता आली नाही आणि एक भरलं घर उघड्यावर पडलं. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनी एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवली होती: मारण्याआधी यानं कारखाना स्वच्छ झाडून काढला होता, हत्यारं ओळीनं खुंटीला लावली होती. म्हणजे रागाच्या भरात नव्हे, थंड डोक्यानं केलेलं काम.

त्याला आत येऊन आता बरीच वर्षं झाली होती. केस पिकले होते. इतक्या वर्षांत त्यानं कुणाच्या अंगाला बोट लावलेलं नव्हतं. शांत, नम्र, स्वच्छतेची भारी आवड, असं जो तो सांगे. तुरुंगातला सुतारखाना त्याच्यामुळे असा लखलखीत असे की पाहुणे आले की अधीक्षक त्यांना आधी तिकडेच नेत. कधीमधी तो आरडाओरडा करी, डिंक कुणी उघडा टाकला, करवतीचे दात कुणी घालवले, म्हणून. तेवढंच काय ते त्याच्या नावावर बोट ठेवण्यासारखं. बाईंनी सगळं जमेला धरलं, वजा केलं, आणि मनाशी ठरवलं, धोका कमी.

तो बहिणीकडे राहणार होता. बहीण थोरली. एकटीच्या हिमतीवर लॉन्ड्री चालवणारी, हातांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग, आणि आवाज असा की वाफेच्या इस्त्रीलाही दबकायला लागावं. भेटीच्या खोलीत ती खुर्चीत ऐसपैस बसली आणि भावाला म्हणाली, "वाळलास."

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "तुम्हाला राग चढतोय हे दुसऱ्यानं कशावरून ओळखायचं?"

सुतारानं पाठ केल्यासारखं उत्तर दिलं. "आवाज चढतो. हात थरथरतात. ओरडतो मी."

बहिणीला हसू आवरेना. "हे कुणी शिकवलं याला? अहो मॅडम, हा ओरडतो तेव्हा कसला राग आणि कसलं काय! ओरडला की समजावं, पोटातलं गेलं. हा गोड झाला ना, की माझ्या पोटात गोळा येतो."

"गोड म्हणजे?"

"म्हणजे आवाज खाली. तोंड हसरं. 'बरोबर आहे, तुमचंच बरोबर आहे.' आणि मग आवराआवर सुरू. लहानपणी शेजारचा मुलगा याला काहीतरी बोलून हसला. तर यानं अख्खा जिना झाडला, सगळ्यांच्या चपला ओळीनं लावल्या, आणि मग खाली जाऊन त्याचे पुढचे दोन दात पाडले. आई म्हणाली, एवढा कामाचा मुलगा, याला काय झालं एकदम!" तिचं हसू मावळत गेलं. "त्या दिवशी कारखान्यात मी असते तर झाडू बघूनच ओळखलं असतं. नव्हते ना मी." मग तिनं भावाकडे पाहिलं. "पण आता ते सगळं गेलं. हो ना रे?"

बाईंची दोन पेनं टेबलावर वाकडीतिकडी पडली होती, ती त्यानं बोटानं हळूच सरळ केली.

बाईंनी त्या सरळ झालेल्या पेनांकडे पाहिलं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे त्या नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवत. आणि स्वतः काय केलं होतं? ज्याला सगळे शांतपणा म्हणत होते, तोच त्यांनी जमेला धरला. तो शांत दिसला तेव्हा आतून पेटलेला होता, आणि ओरडला तेव्हा बिचारा मोकळा झाला होता. सगळं गणित उलटं मांडलं गेलं होतं. आणि तो लखलखीत सुतारखाना? पाहुण्यांना दाखवतात तो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुणालाही न सांगता सुतारखान्याकडे गेल्या. दाराशी सुतारकाम शिकवणारे मास्तर चहा पीत उभे होते.

"त्याला बघायला आलात? मग आज मुहूर्त चांगला आहे," मास्तर म्हणाले. "सकाळीच तो पलीकडचा दाढीवाला यानं घडवलेल्या खुर्चीच्या पायाला हसला. तेव्हापासून यानं झाडू खाली ठेवलेला नाही. अहो, वेड आहे ते एक. चालायचंच."

बाई दाराआडच थांबल्या. आत उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता आणि सुतार झाडत होता. घाई नाही, आदळआपट नाही. कोपऱ्याकोपऱ्यातून भुसा काढत, टेबलांच्या पायांशी वळसा घालत, त्यानं सगळा केर मधोमध आणला, पत्र्याच्या पिंपात भरला. जमीन आरशासारखी झाली. मग तो उभा राहिला. समोर दाढीवाला पाठमोरा बसून रंधा मारत होता. शेजारच्या टेबलावर लाकूड तासायच्या धारदार पटाशा ओळीनं लावलेल्या होत्या, ह्यानंच लावलेल्या. सुताराची नजर त्या मानेवर गेली आणि तिथंच राहिली. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं.

सुतारानं वाकून पिंप उचललं आणि सगळाच्या सगळा भुसा पुन्हा जमिनीवर ओतला.

पुन्हा झाडू घेतला आणि पुन्हा त्याच कोपऱ्यापासून सुरुवात केली. दाढीवाल्याला पत्ताही नव्हता. तो रंधा मारत होता, वर गुणगुणत होता. मास्तर चहा फुंकत होते. जमीन पुन्हा आरशासारखी झाली, पुन्हा तो उभा राहिला, पुन्हा मानेकडे पाहिलं, पुन्हा पिंप ओतलं. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी एकदाचा त्यानं झाडू भिंतीला टेकवला, फळीवर बसला, कपाळ पुसलं आणि एकदम खेकसला, "डिंकाचं झाकण कुणी उघडं टाकलंय? तुमच्या बापाचा डिंक आहे का रे?"

"झालं, उतरलं वेड," मास्तर म्हणाले आणि कपाचा तळ निरखू लागले.

बाई तिथंच पायरीवर बसल्या. त्यांनी या धंद्यात काय काय पाहिलं होतं! रडून शपथा घेणारे पाहिले, पोथ्या पाठ केलेले पाहिले, पश्चात्तापाचं पुराण लावणारे तर रोजचेच. पण एक माणूस कुणी न सांगता, कुणी न शिकवता, एका पिंपभर भुशानं दुसऱ्या माणसाचा जीव वाचवतो, आणि ज्याचा वाचला तो गुणगुणत बसतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या लखलखीत जमिनीकडे नव्यानं पाहिलं. इतकी वर्षं ती अशीच चमकत होती. ती जितक्या वेळा चमकली, तितक्या वेळा या खोलीत एक माणूस मरायचा राहिला होता. बाईंना देवळात गेल्यावरही कधी वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. दोन्ही एकदमच वाटलं, वेगवेगळं करता येईना.

त्यांनी त्याला बाहेर बोलावलं.

"हे कधीपासून करता?"

त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लपवण्यात अर्थ नाही हे ओळखलं. "आत आल्यावर वर्षभरानं सुचलं. केर संपला की समोरचा माणूस दिसतो, बाई. मग हात माझा राहत नाही. म्हटलं, केर संपूच द्यायचा नाही."

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर कोण सोडेल मला?"

प्रश्न रास्त होता. राग इतक्यांदा चढतो म्हणून हा धोकादायक, की तो प्रत्येक वेळी उतरवतो म्हणून भरवशाचा? दोन्ही खरं होतं. आणि बाहेर सुतारखाना नव्हता, मास्तर नव्हते. लॉन्ड्रीत एकटी बहीण होती.

"मंडळाला मी हे सांगणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणीलाही सांगणार. लपवून तुम्हाला घरी पाठवलं तर ती कशावर लक्ष ठेवणार?"

"मंडळाला सांगा." तो खाली बघत म्हणाला. "ताईला नको. तिला वाटतं, गेलं सगळं."

"तिलाच आधी सांगणार. आणि तुम्हाला एक नवीन शिकायचंय. एकट्यानं झाडत बसायचं नाही. राग आलाय, एवढं मोठ्यानं म्हणायचं. ज्याचा आलाय त्याच्यासमोर. मग आपल्या माणसाजवळ जाऊन उभं राहायचं."

"ते नाही जमणार," तो लगेच म्हणाला. "झाडणं सोपं आहे."

आणि खरंच जमेना. रोज बाई त्याला समोर बसवून तालीम घ्यायच्या. ज्या माणसानं नुसत्या हातानं सागवानाला वाकवलं, त्याच्या तोंडून दोन शब्द निघेनात. "जरा गरम होतंय," तो म्हणे. "डोकं दुखतंय," म्हणे. एकदा तर, "पंखा लावता का?" म्हणाला. बाई कपाळावर हात मारून घेत. "अहो, खून केलात तेव्हा लाजला नाहीत, मग आता कसली लाज?" असं एकदा त्यांच्या तोंडून गेलं, तर तो पडल्या आवाजात म्हणाला, "तेव्हा बोलता आलं असतं तर केला नसता." बाईंनी त्या दिवशी तालीम तिथंच थांबवली.

बहिणीला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. ती उठली आणि निघून गेली. पुढचे सगळे भेटीचे दिवस आली नाही. सुतार दर वेळी खोलीत येऊन बसे आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून परत जाई. बाईंनी मनाची तयारी केली. बहीण आली नाही, तर याला न्यायला जगात दुसरं कुणी नव्हतं, आणि घर नसेल तर मंडळ अर्ज हातात धरणारही नव्हतं.

बैठकीच्या दिवशी मंडळ जमलं, आणि दार लावता लावता बहीण आत शिरली. धापा टाकत, चांगले कपडे घालून. भावाकडे न बघता भिंतीजवळच्या खुर्चीत बसली.

मंडळात मधोमध एक वयस्क, निवृत्त न्यायाधीश होते आणि त्यांच्या बाजूला एक निवृत्त पोलीस अधिकारी. अधिकाऱ्यांनी उभा जन्म गुन्हेगार बघण्यात घालवला होता आणि त्यांचा कुणावरही विश्वास उरलेला नव्हता. बाई उभ्या राहिल्या.

"माझा आधीचा अंदाज चुकला होता," त्या म्हणाल्या. "धोका कमी नाही, बराच आहे. यांना वरचेवर राग येतो, जीव घेण्याइतका येतो." मग त्यांनी झाडूची, पिंपाची, भुशाची गोष्ट सांगितली. "आणि इतका राग इतक्यांदा गिळलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. उद्या तो गिळता येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

न्यायाधीश बहिणीकडे वळले. "हे सगळं तुम्हाला माहीत आहे? भीती नाही वाटत?"

"वाटते की," बहीण म्हणाली. "इतके दिवस त्या भीतीशीच भांडत होते, म्हणून आले नाही. पण साहेब, ज्याला भीती वाटत नाही त्याच्या घरी याला पाठवूच नका. त्याचं लक्ष नसेल."

अधिकारी खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे वाघानं पिंजरा झाडला, म्हणून त्याला गावात सोडायचा!" ते सुताराकडे बघून मोठ्यानं हसले. "काय रे, झाडू मारून खून टळतात होय? मग आम्ही उगाच बंदुका बाळगल्या. झाडूच घ्यायचे होते सगळ्यांना."

दाराशी उभा असलेला शिपाईही खुदकन हसला.

"बरोबर आहे साहेब," सुतार म्हणाला. मऊ, खालच्या आवाजात. चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं हात पुढं केला आणि टेबलावरचे कागद कडेला कड लावून नीट ठेवले. मग पाण्याचा पेला कागदांच्या रेषेत सरकवला. मग दुसरा.

"बघा, किती शांत आहे," अधिकारी बाजूला वळून म्हणाले. त्यांच्या आवाजात आता थोडी समजूतही होती. "मला वाटलं, उसळेल."

खोलीत दोनच माणसांना कळत होतं काय चाललंय ते. बहिणीनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. बाईंच्या जिभेवर शब्द आले होते, एक इशारा, एक खाकरणं पुरे होतं. पण त्यांनी दात आवळले. आज त्या बोलल्या असत्या, तर उद्या लॉन्ड्रीत कोण बोलणार होतं? इथं झाडू नव्हता. ओतायला पिंप नव्हतं. कागद सरळ झाले होते, पेले सरळ झाले होते, आवरायला आता काही उरलं नव्हतं. सुतारानं मान वर केली आणि अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"साहेब," तो म्हणाला, आणि आवाज एकदम इतका मोठा निघाला की शिपाई दचकला. "मला राग आलाय. तुमचा. फार आलाय. तो उतरेपर्यंत मी ताईजवळ जाऊन उभा राहू का?"

शिपाई काठी सावरून पुढं झाला. अधिकाऱ्यांचं हसू तोंडावरच थिजलं. क्षणात सगळं विसकटणार असं बाईंना वाटलं. ज्याला माहीत नाही त्याच्या कानाला ती सरळसरळ धमकीच होती.

न्यायाधीशांनी हात वर करून शिपायाला थांबवलं. ते बराच वेळ सुताराच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राहा," ते म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

तो चालत गेला आणि बहिणीच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. तिनं त्याचा हात धरला नाही, पाठीवरून फिरवला नाही. नुसती खुर्ची थोडी त्याच्याकडे सरकवली. आणि मग ती सगळी खोली थांबली. मंडळ, शिपाई, पुढच्या अर्जाचे कागद, सगळं. कायदा राबवलेली मोठमोठी माणसं एका खुन्याचा राग उतरायची वाट बघत बसली होती, आणि कुणी घड्याळाकडे पाहत नव्हतं. अधिकारी आधी चुळबुळले, मग खिडकीकडे बघू लागले, मग हळूहळू त्यांची नजर परत सुताराकडे आली. ती आता वेगळी होती. बाईंचे डोळे भरून आले. या कामात अंदाज करता करता जन्म गेला, आणि आज पहिल्यांदाच, ज्याचा अंदाज करायचा तेच समोर घडताना दिसत होतं.

"उतरला?" बहिणीनं हळूच विचारलं.

"नाही अजून."

"बरं."

त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ होत्या, मूठ वळत होती, सुटत होती. बाई श्वास धरून त्या मुठीकडे बघत होत्या. बराच वेळ गेला. मग खांदे खाली आले, त्यानं मोठा श्वास सोडला आणि एकदम दाराकडे तोंड करून वसकला, "ते दार कसलं करकरतंय मघापासून! तेल घाला की कुणीतरी!"

बहिणीनं डोळ्याला पदर लावला आणि हसली. "उतरला, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. दोन्ही बाजूंना पाहिलं. अधिकाऱ्यांनी होकारार्थी मान डोलावली.

"मग आता तुम्हालाच विचारतो," न्यायाधीश बहिणीला म्हणाले. "यांना न्यायला कधी येणार?"

"येणार कशाला?" ती म्हणाली. "आलेच आहे की मी."